पाणी मोजणारं घर

वारज्याला आम्ही शेड भाड्याने घेतली तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती आणि अंधार पडल्यावर तिकडे यायला रिक्षावाले तयार नसत. बाबांनी शेडच्या मागच्या भिंतीला लागून एक लोखंडी नळ उभा केला. दुमजली घराएवढा उंच, खालून बंद, वरून उघडा आणि काठोकाठ पाण्याने भरलेला. त्याला चिकटून काचेची बारीक नळी आणि तिच्यामागे आकडे रंगवलेली पट्टी. जमिनीचे मालक तिथलेच शेतकरी. बैलांना पाणी पाजून परत जाताना ते रोज त्या नळाकडे बघत उभे राहायचे. शेवटी एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "सायेब, ह्या नळकांड्यात पानी कशापायी भरून ठिवलंय? प्यायला न्हाई, शेताला न्हाई."

"ते आमचं धरण आहे," बाबा म्हणाले.

मालकांनी थोडा विचार केला. "मंग बरं हाय. धरन झालं आन् कुनाची जमीन नाय गेली."

त्यांचं म्हणणं बाबांना फार आवडलं. पुढे कितीतरी वर्षं ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

आम्ही धरणातल्या पाण्याची उंची मोजणारी यंत्रं बनवायचो, अजूनही बनवतो. गिऱ्हाईक एकच, सरकार. त्याआधी बाबा एका सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायच्या विभागात होते. परदेशातून आलेली यंत्रं बंद पडली की सुटा भाग येईपर्यंत वर्ष-वर्ष कपाटात पडून राहायची. त्यातली बरीचशी बाबा इथल्याच सामानात चालू करून द्यायचे. एक दिवस त्यांना वाटलं, दुरुस्त करता येतं तर बनवताही येईल. चाळिशी उलटल्यावर, दोन मुलं शाळेत असताना, त्यांनी नोकरी सोडली. आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिने विरोध केला नाही. एवढंच म्हणाली, "नोकरी सोडायची तर सोडा. माझी मात्र मी सोडणार नाही."

तिच्या पगारावर घर चाललं, हे बाबा कधी लपवत नसत. निविदांचं कामही तिचंच. तेव्हा सगळं हाताने भरायचं असे आणि घरात तिच्याइतकं स्वच्छ अक्षर कुणाचं नव्हतं. शाळेतून आली, चहा झाला, की ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायची. खात्याच्या अटींतल्या शुद्धलेखनाच्या चुका ती आधी पेन्सिलने दुरुस्त करायची आणि मगच अटी वाचायची. "'पुरवठादार' मधला 'पु' यांना दीर्घ का लागतो, देव जाणे," असं पुटपुटत.

मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि सरळ शेडमध्ये जाऊन बसले. कुणी आग्रह केला नाही, कुणी अडवलंही नाही. माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो वाणिज्य शाखेचा. त्याला यंत्रात रस नव्हता, माणसांत होता. कुठल्याही कार्यालयात गेला की शिपायापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांशी त्याची ओळख व्हायची आणि ती टिकायची. बाबा यंत्रं करत, मी ती तपासून जुळवून देई, चार बायका सोल्डरिंगला बसत आणि भाऊ कार्यालयांच्या पायऱ्या झिजवी. आमचं चांगलं चाललं होतं.

ही गोष्ट आहे ती आमच्या नव्या सेन्सरची. खात्याचं नाव लिहीत नाही, धरणांचीही लिहीत नाही. लिहून आता कुणाचं काही भलं व्हायचं नाही.

आधी आमची यंत्रं तरंगत्या भांड्यावर चालायची. पाणी वर गेलं की भांडं वर, भांडं वर गेलं की तार फिरणार आणि काटा सरकणार. मग नवी पद्धत आली. मुठीएवढा सेन्सर पाण्यात तळाशी सोडायचा. वर किती पाणी आहे त्याचं वजन तो ओळखतो आणि त्यावरून उंची दाखवतो. फक्त एक अडचण असते. पाण्यावर हवेचाही भार असतो आणि तो ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो. तो वजा व्हावा म्हणून केबलच्या आत सुईएवढी पोकळ नळी असते. तिच्यातून वरची हवा सेन्सरपर्यंत पोचते. नळी मोकळी तर आकडा खरा.

हे सेन्सर आम्ही वीसेक धरणांवर बसवले. पहिलं वर्ष छान गेलं. खात्याने कौतुकाचं पत्र दिलं. ते भावाने चौकट करून शेडमध्ये लावलं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात एका धरणावरून एक सेन्सर परत आला. उंदरांनी केबल वरच्या टोकाला कुरतडली होती. मी तुटका भाग कापून नवा जोड दिला आणि तपासायला म्हणून नळात सोडून ठेवला. नंतर दुसऱ्या कामांत तो विसरून गेले. पाडव्याची सुट्टी संपवून शेडमध्ये आले, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. काचेच्या नळीतलं पाणी पट्टीवर होतं तिथेच होतं, कारण वाफ होऊन जाऊ नये म्हणून सुट्टीत नळाच्या तोंडावर झाकण ठेवलेलं असायचं. सेन्सरचा आकडा मात्र खाली आला होता. फार नाही, वीतभर.

माझ्या जोडातच काही चुकलं असेल, असं मला वाटलं. म्हणून त्याच खेपेतला एक कोरा सेन्सर कपाटातून काढून सोडला. दोन आठवड्यांनी तोही घसरला. मग केबल उभी चिरून पाहिली. आतली नळी जागोजाग चपटी झाली होती आणि जिथे चपटी झाली होती तिथे दमट हवेचं पाणी साचलं होतं. बसवलेल्या सगळ्याच सेन्सरांची केबल आम्ही एका नव्या कारखान्याकडून घेतली होती. बाहेरून उत्तम होती. नळी बंद झाली की हिवाळ्यातली जड हवा आत अडकणार आणि पावसाळ्यात बाहेरची हवा हलकी झाली की यंत्र पाणी असेल त्याहून कमी दाखवणार. म्हणजे ज्या दिवसांत आकडा नेमका पाहिजे, त्याच दिवसांत तो चुकणार.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून चिरलेली केबल डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडे परत दिली. "चहा सांग," म्हणाले.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो. बाबांनी आईला आणि भावाला सगळं सांगितलं.

भाऊ लगेच म्हणाला, "वार्षिक देखभाल म्हणून जाऊ. एकेक सेन्सर काढू, चांगला बसवू. कुणाला कळायचंही नाही. खर्च आपला, नाव शाबूत."

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. तो काही लपवाछपवी करून पैसे मिळवायला बघत नव्हता. चूक आपण पदरमोड करून सुधारतोच आहोत, मग गाजावाजा कशाला, एवढाच त्याचा मुद्दा होता.

आई म्हणाली, "आणि बदलून होईपर्यंत? पावसात तिथे पाळीला जो माणूस असेल, तो काय बघणार? आकडाच ना?"

"धरणावर रंगवलेली मोजपट्टी असतेच की, आई."

"मग तुमचं यंत्र घेतलं कशाला त्यांनी?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग. चांगली केबल मागवायची, सेन्सर भरायचे, नळात ठेवून तपासायचे आणि जाऊन बसवायचे. पावसाच्या आधी सगळे होतील?"

भाऊही माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणावं असं त्याला वाटत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ओढूनताणून हो म्हणता आलं असतं. पण तपासणीला किती दिवस लागतात हे घरात मलाच ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणाले. "निम्मे होतील."

"मग झालं," बाबा म्हणाले. "उद्या पत्र द्यायचं." आईने पुढ्यातली ताटं उचलली, टेबल पुसलं आणि कागद काढले.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी नदीपलीकडे, येरवड्याच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्यात खात्याचं कार्यालय होतं, तिथे गेलो. भाऊ आला नाही. कार्यकारी अभियंता म्हणून तेव्हा जे गृहस्थ होते ते कमी बोलणारे होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. पुरवठादाराला ते सहसा बसवत नसत. मग पत्र सावकाश वाचलं.

"कुणी तक्रार केली आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग आपण हे लेखी का दिलंत? तोंडी सांगता आलं असतं."

"तोंडी सांगितलेलं धरणापर्यंत पोचत नाही."

साहेबांनी घंटा वाजवून शाखा अभियंत्यांना बोलावलं आणि आमच्यासमोरच सांगितलं, की सगळ्या धरणांना आजच निरोप द्या, पुढची सूचना मिळेपर्यंत उंची मोजपट्टीवर डोळ्यांनी बघूनच नोंदवायची. शाखा अभियंते गेल्यावर त्यांनी पत्रावर पेपरवेट ठेवला.

"आता एक सांगतो. हे कागदावर आलं, त्यामुळे मला कारवाई करावी लागेल. सदोष माल म्हणून. ती तुम्हाला आवडणार नाही."

"आवडेल म्हणून आलो नव्हतो," बाबा म्हणाले.

साहेब किंचित हसले असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "माणूस चांगला आहे." मला तेव्हा त्यांचा राग आला होता, साहेबांचाही आणि बाबांचाही.

निम्मे सेन्सर पावसाआधी बदलून झाले. उरलेले पावसातच. त्या वर्षी पाऊस मुबलक झाला, धरणं भरली, दरवाजे वेळेवर उघडले आणि वेळेवर बंद झाले. काहीही घडलं नाही. घडलं असतं का, ते मला माहीत नाही. ज्या गोष्टी घडत नाहीत त्यांची कुठेच नोंद नसते.

दिवाळीच्या आसपास खात्याचं पत्र आलं. तीन वर्षं आम्हाला कुठलीही निविदा भरता येणार नव्हती. कौतुकाचं पत्र त्या दिवशी भावाने भिंतीवरून काढलं आणि कपाटावर पालथं ठेवलं. मला म्हणाला, "तुला एक 'हो' जड झाला." नंतर बराच काळ तो मला ताई म्हणाला नाही. कामापुरतं बोलायचा. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही, असं मात्र नव्हतं.

सोल्डरिंगच्या चौघींपैकी बाबांनी एकीलाही कमी केलं नाही. आईचा पगार होताच. भावाने झेरॉक्सची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली आणि त्या फिरतीत तो मार्केट यार्डात जायला लागला. तिथे कांदा-बटाट्याच्या एका अडत्याने त्याला सहज सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक काटा घेतला खरा, पण आकडा इतका बारीक की माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दिसत नाही. तो तोलणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो, तोलणारा वैतागतो आणि रोज बाचाबाची होते. भाऊ संध्याकाळी शेडमध्ये आला. बाबांना म्हणाला, "लांबून दिसेल असा मोठा आकडा करता येईल?"

करता येण्यासारखा होता. लाल दिव्यांच्या हातभर उंचीच्या आकड्यांचा एक डबा आम्ही केला, काट्याला जोडला आणि गाळ्याच्या खांबावर टांगला. पहिल्या दिवशी हमालसुद्धा पोती टाकून बघायला थांबले. महिन्याभरात शेजारच्या गाळ्यांनी मागितला, मग भुसार विभागाने. मिरचीच्या गाळ्यातला डबा दुरुस्तीला आला की आम्ही तो शेडच्या बाहेर, झाडाखाली उघडायचो. तरी सगळी शेड शिंकायची. चौघींपैकी सगळ्यात मोठी होती ती पदराने नाक पुसत म्हणायची, "सरकार बरं होतं बाई. पाणी तरी तिखट नव्हतं."

ती तीन वर्षं अशी गेली. वाईट गेली असं म्हणणार नाही. पण बाबा रोज सकाळी आल्यावर मागे जाऊन नळातलं पाणी बघायचे, कमी झालं असेल तर भरायचे आणि आत एखादा सेन्सर सोडलेला असायचाच. नवी केबल, नवा जोड, हवेच्या नळीच्या वरच्या टोकाला दमटपणा शोषून घेणारी पूड भरलेली डबी. मागणी कुणाचीच नव्हती. ते आपले करत होते आणि मी जुळवून देत होते.

बंदी संपल्यावर पहिली निविदा निघाली तेव्हा आईने पुन्हा टेबलावर कागद पसरले. साहेब अजून तिथेच होते. आम्ही पाकीट टाकायला गेलो तर "या," एवढंच म्हणाले. त्या निविदेच्या अटींत एक नवी अट होती: हवेच्या नळीला दमटपणा रोखण्याची सोय असली पाहिजे आणि ती पुरवठादाराने दरवर्षी बदलून दिली पाहिजे. आमच्या पत्रात जे लिहिलं होतं तेच, खात्याच्या भाषेत. आता ते सगळ्यांना लागू होतं.

पाकिटं उघडली आणि आम्ही दुसरे आलो. दिल्लीकडच्या एका कंपनीचा दर आमच्यापेक्षा कमी होता. घरी आल्यावर आईने विचारलं, "कितवे?" बाबा म्हणाले, "दुसरे." "माझ्या वर्गात दुसरी आलेली मुलगी रडायची," आई म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

त्यानंतर काही महिन्यांनी एक छोटी निविदा निघाली. धरणांवर असलेल्या सगळ्या यंत्रांची देखभाल, मग ती कुणीही बनवलेली असोत. तिला कुणी हात लावला नव्हता. धरणं आडबाजूला, यंत्रं पाच तऱ्हेची, मोबदला बेताचा. बाबांना ती भरायची होती.

"दुसऱ्यांची यंत्रं आपण पुसत बसायची?" भाऊ म्हणाला.

"आजारी माणूस कुणाचा आहे ते डॉक्टर विचारतो का?"

"डॉक्टरला फी बरी मिळते, बाबा."

निविदा भरली आणि अर्थातच मिळाली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. बाबांचे गुडघे तेव्हा बोलायला लागले होते. धरणाच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. मला एकटीला आडरानात पाठवायला ते तयार नव्हते. भावाने कंपनीतून दोन दिवसांची रजा काढली आणि जुनी मॅटाडोर घेऊन आला. "गाडी मी चालवीन," म्हणाला, "यंत्राचं मला विचारू नका."

पहिलं धरण मावळात होतं. जुलै होता आणि भिंतीवर धुकं उतरलं होतं. मी यंत्राच्या खोलीत पेटी उघडून बसले. भाऊ दारात उभा राहून तिथल्या कर्मचाऱ्याशी गप्पा मारत होता. पन्नाशीचा माणूस, अंगावर खात्याचा रेनकोट. त्याला आम्ही कोण ते कळल्यावर म्हणाला, "म्हंजी ते पत्र धाडलं होतं, ते तुमीच का? त्या साली आमी बॅटरी घिऊन पट्टी बघत हुतो. तासातासाला. लई शिव्या दिल्या तुमाला."

भाऊ म्हणाला, "मग आता?"

"आता काय. शिव्या दिल्या त्या दिल्या. च्या घ्या."

चहा आला. मी काम संपवलं आणि आम्ही भिंतीवरून गाडीकडे चालत निघालो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी. थोडं चालल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुला खोटं बोलता येत नाही. धंद्यात तेवढी एक अडचण आहे."

"तुला येतं ना. मग पुरे आपल्या दोघांत."

तो हसला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आपण तेव्हा गुपचूप बदलले असते, आणि या माणसाला त्या साली काही झालं असतं, तर मी इथे चहा प्यायला आलो असतो का?" तो मला विचारत नव्हताच. पुढच्या महिन्यात त्याने नोकरी सोडली.

देखभालीच्या त्या बेताच्या कामाने आम्हाला उभं केलं. दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आम्ही प्रत्येक धरणावर जायचो. कुठलं यंत्र कुठे दगा देतं, कुठल्या खोलीत पाल शिरते, कुठे वीज पडते, हे आम्हाला ते बनवणाऱ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं. दिल्लीच्या कंपनीचा माणूस बोलावल्यावर महिन्याने यायचा, तर भाऊ दुसऱ्या दिवशी हजर व्हायचा. पुढच्या निविदांत आमचा दर बसायला लागला, कारण कुठे जास्त खर्च होतो आणि कुठे तो वाचवता येतो ते आता आम्हाला माहीत होतं. काही हरलो, काही जिंकलो. सरकारी कामात बिलं उशिरा यायची तशी यायची. त्याची तक्रार करण्यात आमच्या घरात कुणी वेळ घालवला नाही.

बंदी घालणारे साहेब निवृत्त होण्याआधी एकदा वारज्याला आले. खात्याच्या तपासणीसाठी म्हणून, रीतसर. बाबांनी त्यांना नळ दाखवला, सेन्सर सोडून दाखवला. साहेबांनी पट्टी आणि आकडा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला आणि सही केली. निघताना बाबांना म्हणाले, "तुमच्यानंतर आजवर कुणी तसं पत्र दिलं नाही."

"इतरांचा माल चांगला असेल," बाबा म्हणाले.

"नाही," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

बाबांनी पंचाहत्तरीपर्यंत शेडमध्ये येणं सोडलं नाही. मग एक दिवस त्यांनी किल्ल्या आम्हा दोघांपुढे ठेवल्या. कुणी कुठलं काम बघायचं याची वाटणी आईने केली, तीही टेबलाशीच. माझं लग्न झालेलं असलं तरी माझा हिस्सा भावाइतकाच राहील, हे तिने बाबांना वाटणीआधीच बजावलं होतं. भावाने मान डोलावली. आमच्या ओळखीच्या घरांत याच गोष्टीवरून कोर्टाच्या फेऱ्या चालू होत्या. आमच्यात वाद झाले ते यंत्रांवरून झाले.

बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नंतर आईही गेली. वारज्यात ज्वारी राहिली नाही. मालकांच्या मुलांनी तिथे इमारती बांधल्या आणि तळमजल्यावरची एक मोठी जागा आम्हाला दिली. आता तिथे भावाची मुलगी, माझी भाची, सगळं बघते. निविदा संगणकावर भरतात. पाकिटं उघडायला कुणी कुठे जात नाही. ती कार्यशाळेतल्या मुलांशी बोलते ती भाषा मला अर्धीच कळते, "सर्व्हर डाऊन आहे, ताई आत्या, डेटा पुश होत नाहीये," असं काहीतरी मलाही सांगत असते. धरणावरचा आकडा आता तिच्या फोनवर येतो.

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीचे दोन अधिकारी आले. साऱ्या राज्याचं काम एकत्र निघणार होतं. आमच्याकडे जुन्या कामांची अनुभव प्रमाणपत्रं आहेत, त्यांच्याकडे नाहीत. आम्ही नाव द्यायचं, काम ते करणार, आम्हाला बसल्या जागी हिस्सा मिळणार. बोलणं फार आदबीचं होतं. भावाला ते पटण्यासारखं वाटत होतं. साठी उलटली आहे, फिरण्याचा कंटाळा येतो, मी त्याला दोष देत नाही.

भाचीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेन्टेनन्सला कोण जाणार?"

"ते आपण नंतर बघू, मॅडम."

"नंतर म्हणजे पावसात?"

ते हसले. ती हसली नाही. चहा झाला, त्यांना बाहेर गाडीपर्यंत सोडून ती आत आली आणि म्हणाली, "आपण करायचं नाही हे." दोन दिवस भाऊ कार्यशाळेत फिरकला नाही. घरी फोन केला की वहिनी सांगायची, झोपलेत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा तो गाडीत सामान भरत होता. कोकणाच्या बाजूच्या एका धरणावर वीज पडून यंत्र बंद झालं होतं आणि भाची निघाली होती.

"तू कशाला चालला आहेस?" मी विचारलं.

"तिथला माणूस माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "हिला तो नीट जेवायला घालणार नाही."

भाची गाडी चालवायला बसली. तो बाजूला बसला आणि काच खाली करून मला म्हणाला, नव्या केबलचा नमुना आलाय, चिरून बघ. मी आत गेले आणि सुरी शोधायला लागले.